दहा टक्क्यांच्या खाली

५ जानेवारी

प्रिय आत्या,

बाबांच्या तपासण्यांचा निकाल काल मिळाला. फोनवर बोलताना मी निम्मे शब्द गिळते आणि ही बातमी निम्मी सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

रक्तगट जुळतो. यकृताचा आकार पुरेसा आहे. उजवा भाग तुला दिल्यानंतरही बाबांना पुरेल इतके उरते, आणि उरलेले काही महिन्यांत पुन्हा वाढते. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे उत्तम. अडचण एकच निघाली. बाबांच्या यकृतात बावीस टक्के चरबी आहे. असे यकृत कापले तर देणाऱ्यालाही धोका आणि घेणाऱ्यालाही. "दहा टक्क्यांच्या खाली आणा, मग मी सुरी हातात घेतो," असे सर्जन म्हणाले. मुदत दहा आठवड्यांची. त्यापुढे तुझी प्रकृती वाट पाहणार नाही, हेही त्यांनी बाबांच्या तोंडावर सांगितले.

घरी परतल्यावर बाबा जिन्यात म्हणाले, "चरबी काय, उतरवू. तू वाढशील ते खाईन." आई पहाटेच्या पाळीला जाते, त्यामुळे स्वयंपाकघर आता माझ्याकडे आहे. मी एक वही केली आहे. विचार सरळ आहे: जे यकृतात साचले, तेच ताटातून वजा करायचे. तेल, लोणी, अंडी, दाणे, मासे, दही सारे बंद. सकाळी फळांचा रस दोन पेले, मध घालून. पावाला लोण्याऐवजी जॅम. दोन्ही वेळेला पातळ पेज आणि उकडलेली भाजी.

तू निश्चिंत राहा. अर्धा अभ्यास करून मी कुठल्याही परीक्षेला बसलेली नाही.

तुझी,
पंडित

१२ जानेवारी

चि. पंडित,

तुझं पत्र आधी आतोबांनी मोठ्याने वाचलं. मग मी चष्मा लावून पुन्हा वाचलं, कारण तुझे आतोबा वाईट ओळी गाळून वाचतात.

मी बरी आहे. परवा पोटातलं पाणी काढलं, चार लिटर. शिवणवर्गातल्या माझ्या मुली येऊन गेल्या. पिवळे डोळे बघून एक म्हणते कशी, "बाई, हे हळदी रंगाचं अस्तर कुठल्या दुकानातलं?" हसून हसून धाप लागली. शेजारीण मात्र जिन्यात कुजबुजते, "पीत असणार, त्याशिवाय लिव्हर जातं का?" अगं, आयुष्यात मी एकाच बाटलीला हात लावला, मशीनच्या तेलाच्या!

गुंड्याला एक सांग. (तुला जसं पंडित, तसं तुझ्या बापाला हे नाव मीच ठेवलं. लहानपणी माझ्या डब्यातल्या शर्टाच्या गुंड्या गिळायचा.) अकरा वर्षांपूर्वी माझाही कागद आला होता, 'लिव्हरला थोडी चरबी'. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. मी तो कापायच्या कागदांखाली सारला आणि शाळांचे गणवेश शिवत बसले, दिवसभर चहा आणि बिस्किटांवर. ती थोडी चरबी आत बसून काय करते ते आता कळलं. आधी चरबी, मग सूज, सुजेचे वण, आणि वणांचा दगड.

एक विचारू का? इथली आहारतज्ज्ञ बाई, अंडी खा, डाळ खा म्हणून माझ्या मागे हात धुऊन लागली आहे, आणि गुंड्याला तू तेच बंद केलंस. देणाऱ्याचं शास्त्र वेगळं असेल म्हणा. तू विचारूनच केलं असशील.

तुझी आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, पण हाताशी काही असल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. आता आहे. चार आठवड्यांत बाबांचे वजन चौऱ्याऐंशी किलोवरून सत्त्याहत्तरवर आले! मी आलेख काढून फ्रिजवर लावला आहे. रेषा घसरगुंडीसारखी सरळ खाली येते. रोज संध्याकाळी बाबा काट्यावर उभे राहतात आणि मी आकडा मांडेपर्यंत श्वास रोखून धरतात.

थकवा आहे. दुसऱ्या मजल्यावर येताना ते मध्ये दोनदा थांबतात. आई म्हणते, तोंडावरची रया गेली. मी तिला म्हटले, रया नव्हे, सूज गेली. कारखान्यात उन्हाळ्याच्या सरबतांचा हंगाम सुरू झाला आहे, त्यामुळे त्यांना सुट्टी घेता येत नाही.

आहाराविषयी तू विचारलेस. सगळे पडताळून केले आहे. ९ तारखेला पुन्हा स्कॅन आहे. तोवर तू जेव आणि झोप, बाकीचे आम्ही पाहतो.

तुझी,
पंडित

५ फेब्रुवारी

पंडित,

सात किलो ऐकून आनंद झाला, पण रात्रभर टोचत राहिलं. किलो हे वाण्याचं माप. शिंप्याचं माप टेप.

गेल्या वर्षी मी गुंड्याला दोन शर्ट आणि दोन पँटी शिवल्या. आकडे मला पाठ आहेत: पोट एक्केचाळीस इंच, दंड साडेतेरा, मांडी तेवीस. त्याला उभा कर. टेप बेंबीवरून घे, श्वास सोडल्यावर, आणि त्याला पोट आत ओढू देऊ नकोस, लबाड आहे. दंड मधोमध, मांडी वरच्या बाजूला. तीन आकडे लिहून पाठव. कौतुक नको, आकडे पाठव.

आत्या

१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पोट पावणेएक्केचाळीस. दंड बारा. मांडी एकवीस.

आणि चौथा आकडा. काल स्कॅन झाला. बावीसचे चोवीस झाले आहेत.

सर्जनने दोनदा पडदा पाहिला आणि विचारले, "खाता काय तुम्ही?" बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. घरी आलो तेव्हा फ्रिजवरचा आलेख नव्हता. आईने तो काढला असावा.

आता जे लिहिते ते आधीच लिहायला हवे होते. पहिल्या भेटीला मी वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. खोलीत चार डॉक्टर होते आणि माझ्या घशातून आवाज निघाला नाही. एकही प्रश्न विचारला नाही. आहारतज्ज्ञांच्या दारावर 'फोन करून वेळ घ्यावी' अशी पाटी होती. मी क्रमांक उतरवून घेतला. पाच आठवडे तो वहीत आहे. फोन करून एका अनोळखी बाईशी बोलण्यापेक्षा मला स्वतः तर्क करणे सोपे वाटले, आणि तो तर्क मी तुझ्या जिवावर केला.

काल रात्री आतोबांचा आईला फोन आला. तू तीन दिवस रुग्णालयात होतीस आणि आज कुठला वार हे तुला सांगता येत नव्हते, असे त्यांच्याकडून कळले. तू मात्र लिहितेस, मी बरी आहे. मी लिहिते, सगळे पडताळले आहे. आपण दोघी एकमेकींना खोटे लिहीत आलो, आणि पाच आठवडे गेले.

उरलेत पाच. मी काय करू?

१३ फेब्रुवारी

पंडित,

रडून झालं असेल तर टेबलाशी बस. मलाही लांबण लावायला दम नाही.

तुझे आकडे बघितल्याबरोबर मला कळलं. दंड दीड इंच गेला, मांडी दोन इंच गेली, पोट जागच्या जागी. उसवायचं होतं ते शाबूत राहिलं आणि बाह्याच तेवढ्या उसवल्या. त्याचं मांस झडलं गं, चरबी नाही. मी ते तीन आकडे आमच्या आहारबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, उपाशी माणसाचं असं होतं. आणि रस, मध, जॅम ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, जास्तीची साखर लिव्हरमध्ये गेली की तिथेच तिची चरबी बनते. चरबी काय फक्त तेलातून येते? तुझ्या हातातल्या क्रमांकाला उद्या फोन कर. जीभ अडखळली तरी चालेल. बाई खात नाहीत माणसं.

पण मला आणखी एक शंका आहे. गुंड्या एकोणिसाव्या वर्षापासून पाक चाखतो. चहा चाखणारे चूळ भरून थुंकतात. तो काय करतो? तू घरातला घास न् घास मोजलास. कारखान्यातला कोण मोजतं?

उठ आणि जाऊन बघ. फोनवर विचारलंस तर सांगेल, "छे, कुठे काय!" मी त्याला ओळखते.

आणि हो, मी बरी नाही. हे आता लिहून टाकलं.

आत्या

२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मी गेले होते.

चव तपासायची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे. पांढऱ्या फरश्या, लांब टेबल, त्यावर पाकाच्या प्रत्येक घाण्याचा एक एक काचेचा पेला आणि पाण्याच्या भांड्यात चमचे. मी दाराशी स्टुलावर बसून वहीत रेघा ओढत राहिले. बाबा चमचा भरत, डोळे मिटत, गिळत, कागदावर खूण करत. मग त्याच पेल्यातला दुसरा चमचा.

"दुसरा कशाला, बाबा?"

"खात्रीला."

"थुंकता येत नाही?"

"पाक जिभेवर खोटं बोलतो. घशाखाली उतरला की मागची कडवट चव कळते. माझ्या गुरूने शिकवलंय, आता तू नको शिकवूस."

"आज बावीस चमचे झाले. अजून जेवायची सुट्टीही झाली नाही."

"अगं, चाखणं म्हणजे खाणं नव्हे!"

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस झाले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी एक चमचा तोलून दिला: साखर साडेतीन ग्रॅम. म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, माझा रस आणि मध वेगळा. मी व्यवस्थापकांकडे गेले आणि विचारले की बाबांना थुंकायला भांडे मिळेल का. ते हसले. बाबा हसले नाहीत. वाटेत एवढेच म्हणाले, "माझ्या कामाच्या जागी येऊन माझी लाज काढलीस." त्याला आज तिसरा दिवस. ते माझ्याशी बोलत नाहीत.

आहारतज्ज्ञांना फोन केला. पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकून ठेवून दिला, दुसऱ्यांदा बोलले. अकरा प्रश्न विचारले, बारावा चमच्यांचा. त्या रागावल्या नाहीत, त्यानेच मला जास्त लाज वाटली. आता दोन वेळेला डाळ किंवा कडधान्ये, रोज अंडी, आठवड्यातून दोनदा मासे, ताटाचा अर्धा भाग भाज्या, घट्ट दही, मूठभर दाणे, बेताचे तेल. भात मुठीएवढा, पाव पांढरा नको. फळ चावून खायचे, पिळून प्यायचे नाही. रोज पाऊण तास भरभर चालणे आणि जोर काढणे, म्हणजे गेलेले मांस भरून येईल. उपास एकही नाही.

घरातले सगळे बदलले आहे. पण एक्केचाळीस चमचे तिथेच आहेत.

तुझी,
पंडित

२२ फेब्रुवारी

गुंड्या,

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी. पोरीला दाखवू नकोस.

ती लिहिते, तू चमचा सोडायला तयार नाहीस. मी अंथरुणात पडून विचार केला. तुला साखरेची एवढी हौस कधीच नव्हती. मग मनात आलं, माझा भाऊ घाबरला तर नसेल? चोवीस टक्के ही तुझी पळवाट तर नसेल?

तसं असेल तर एक ओळ लिही. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. देणाऱ्याने नको म्हटलं तर ते घरच्यांना 'जुळलं नाही' एवढंच सांगतात, खरं कारण कुणालाही कळत नाही. तुला बायको आहे, शिकणारी मुलगी आहे. मी रागावणार नाही, शपथेवर सांगते. पण हो की नाही ते तोंडाने सांग. चमच्याआड लपलेला भाऊ मला नको.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

घाबरलोय. पोट फाडून घ्यायला कोण घाबरत नाही? पण चमच्यामागे ते नाही. हसणार नसशील तर सांगतो.

मला भूक लागायची.

पोरगी रोज संध्याकाळी काट्यावरचा आकडा मांडायची. उतरला की तिचा चेहरा असा काही उजळायचा, ताई, की लहानपणी पहिला नंबर आल्यावरही तशी हसली नव्हती. तुझा जीव वाचणार असं तिला त्या रेषेत दिसायचं. मग मी तिला आणखी खूश करायला लागलो. ती कॉलेजात गेली की डब्यातली पेज निम्मी ओतून द्यायचो. दुपारचंही तसंच. कारखान्यात पोचेपर्यंत डोळ्यापुढे काजवे चमकायचे. एका चमच्याला दोन घेऊ लागलो. हे काम आहे, हे खाणं नाही, असं मी स्वतःला पढवलं. सव्वीस वर्षं तसंच मानत आलो, तेव्हा फार पढवावंही लागलं नाही.

पोरीवर चिडलो कारण तिने मोजून दाखवलं. काल जेवताना तिला सगळं सांगितलं. ती ताटावरून उठून गेली, मग परत आली आणि माझ्या ताटात अंडं वाढलं.

आज मॅनेजरकडे चाखणी सोडली. माझ्या हाताखालची बाई चाखेल, मला गोदामात टाकलंय. या उन्हाळ्यात बाटलीत काय जाणार ते मला ठाऊक नाही, असं पहिल्यांदाच होतंय. होऊ दे.

तू मला पळवाट देऊ केलीस. पुन्हा असलं पत्र लिहिलंस तर मी तुला ताई म्हणणार नाही.

गुंड्या

१६ मार्च

प्रिय आत्या,

दहा आठवडे आज संपले. आकडा आधी सांगते: अकरा.

दंड तेरा, मांडी बावीस, पोट अडतीस. चालून चालून बाबांच्या बुटाचा तळ फाटला. गोदामातून आले की ते आधी जिना तीनदा चढतात-उतरतात, मग दार वाजवतात; खालच्या मजल्यावरचे आजोबा त्यांना विचारतात, "हरवलंय का काही?" चोवीसवरून अकरा. आणि तरीही अकरा.

सर्जनने कागद बाजूला ठेवला. मला वाटले, आता ते उठतील. मी विचारले, "दहा आणि अकरा यांत नेमका किती धोका असतो?" माझा आवाज इतका मोठा होता की आईने वळून पाहिले.

ते म्हणाले, "कागदावर एकाचा. हातात घेतल्यावर कधी काहीच नसतो, कधी सगळा असतो."

"मग कागदापेक्षा जवळून पाहता येते का?"

"सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. त्यातही थोडी जोखीम आहे." ते बाबांकडे वळले.

बाबा शर्टाची बटणे सोडूही लागले होते. "काढा."

उद्या काढतील. निकालाला तीन दिवस. आकडा पुरेसा नसेल तर आणखी मुदत मागायची तयारी मी केली होती, पण तुझे ताजे रिपोर्ट त्यांच्यापुढे होते आणि ते वाचताना त्यांनी मान हलवली. तुझ्या हातचे पत्र मला आले नाही त्याला महिना झाला. दोन ओळी तरी लिही.

तुझी,
पंडित

१९ मार्च

चि. मुली,

हे पत्र मी, तुझा आतोबा, लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही.

तुझी आत्या कालपासून मला ओळखत नाही. मला कापडवाला समजते आणि अस्तर परत ने म्हणते. डॉक्टरांनी हलवायला सांगितले आहे. आम्ही उद्या सकाळी रुग्णवाहिकेने निघतो. ही चिठ्ठी आधी निघणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतो. सुईचा निकाल काहीही येवो, मी तिला घेऊन तुमच्या रुग्णालयाच्या दारात येतो. नाही म्हणायचे असेल तर ते तिच्या तोंडावर म्हणू देत.

आतोबा

२४ मार्च

प्रिय आत्या,

तू आत आहेस. जागी झाल्यावर तुला हे वाचून दाखवीन, म्हणून घडेल तसे लिहीत जाते.

सुईचा निकाल आठ टक्के आला, तू येण्याच्या दोन तास आधी. तुला ते मी सांगितले, पण तू मला गिऱ्हाईक समजलीस आणि शनिवारी या म्हणालीस.

सकाळी सात वाजता बाबांना नेले. स्ट्रेचरवरून त्यांनी माझा हात धरला आणि सोडायचे विसरले. परिचारिकेने बोटे सोडवली. आठ वाजता तुला नेले. आई, आतोबा आणि मी एका बाकावर बसलो आहोत. आतोबांनी चार वेळा डबा उघडला आणि चार वेळा तसाच मिटला.

साडेबारा. एक परिचारिका झाकलेले भांडे दोन्ही हातांनी धरून बाबांच्या दारातून निघाली आणि समोरच्या, तुझ्या दाराने आत गेली. बारा-तेरा पावले असतील. आम्ही तिघेही उठून उभे राहिलो. कुणी सांगितले नव्हते.

दोन वाजता बाबांचे सर्जन बाहेर आले. म्हणाले, बाबा ठीक आहेत, शिवून झाले. मी विचारले, "रंग कसा होता?" ते म्हणाले, "तांबूस. कडा चाकूसारख्या. चरबीचा पिवळेपणा शोधूनही सापडला नाही." आईने तेव्हा पहिल्यांदा रडून घेतले.

त्यानंतर काही नाही. तीन वाजले, चार वाजले, साडेपाच वाजले. तुझ्या दारावरचा दिवा लालच होता. एकदा दोन रक्ताच्या पिशव्या आत गेल्या. आतोबांनी मला विचारले, "एवढं रक्त कशाला लागतं?" मला उत्तर माहीत होते. मी माहीत नाही म्हणाले.

साडेसहाला दुसरे सर्जन आले. मुखपट्टी गळ्याशी ओढलेली, गालावर तिचे वळ. म्हणाले, "रक्त सुरू केलं तेव्हा नवं यकृत दोन मिनिटं तसंच फिकट राहिलं. मग रंग भरला. आता टेबलावरच पित्त सुटलंय."

आतोबांचा चेहरा उतरला. माझी बाही धरून कुजबुजले, "पित्त? आता हे आणखी काय झालं तिला?"

"काम सुरू झालं, आतोबा," मी म्हणाले. "पित्त यकृत करतं. बाबांचं यकृत तिच्यात कामाला लागलं."

त्यांनी सर्जनकडे पाहिले. सर्जनने मान डोलावली. तरी आतोबांना पटेना. त्यांनी पुन्हा माझ्याकडे वळून विचारले, "नक्की?"

मी त्यांना नक्की म्हणून सांगितले, आत्या. आता तू डोळे उघड.